आजींच्या आईचे गाव

मराठी प्रवासवर्णनांत नातेवाईक फारसे भेटत नाहीत, आणि भेटलेच तर ते विमानतळावर घ्यायला येण्यापुरते व रात्री पिठले-भात करून घालण्यापुरते. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) असो, गंगाधर गाडगिळांचे 'सातासमुद्रापलीकडे' (१९५९) असो, की पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' (१९६०) असो. लेखक निघतो तो परका मुलूख पाहायला. आपली माणसे मागे घरी असतात आणि त्यांच्यासाठीच ते सारे लिहिलेले असते. त्यामुळे परका मुलूख आणि आपली माणसे ही दोन्ही जिथे एकाच अंगणात उभी असतात, तिथल्या मुक्कामाविषयी लिहायची रीत आपल्याकडे तयार मिळत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॉरिशसच्या पश्चिमेकडील एका खेड्यात आम्ही चार दिवस राहिलो. त्याविषयी लिहिताना ही अडचण पहिल्या वाक्यापासून जाणवते आहे.

आम्ही गेलो होतो सहलीच्या एका कंपनीबरोबर. सात रात्रींपैकी चार रात्री हॉटेल सोडून नातेवाइकांकडे काढणार म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना आमची कीव आली. पैसे परत मिळणार नाहीत, हे व्यवस्थापकाने तीनदा बजावले. फ्लिक-आँ-फ्लाकचा तो किनारा सुंदरच होता. कोकणातल्यासारखीच सुरूची झाडे (तिकडे त्यांना फिलाओ म्हणतात), त्यामागे शांत, उथळ पाणी. पण ताईचे घर तिथून मोटारीने अवघ्या वीस-पंचवीस मिनिटांवर होते आणि ती तिथे नांदायला गेल्याला बावीस वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत माहेरचे असे कोणीच तिच्या उंबऱ्यावर गेले नव्हते. आत्याची ती एकुलती मुलगी. आत्याचा पासपोर्ट निघाला, पण प्रवास मात्र राहूनच गेला.

ताई ही आमची आतेबहीण. (आमच्यापैकी एकाची, पण लग्नाला वीस वर्षे होऊन गेल्यावर असा हिशेब कोणी ठेवत नाही.) भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आलेला मॉरिशसचा एक विद्यार्थी तिच्या वर्गात होता. २००१ साली त्यांचे लग्न झाले. त्या वेळी घरात जी चर्चासत्रे झडली, त्यांत आत्याला धीर देणारे वाक्य एकच होते, ते म्हणजे 'मुलगा मराठी आहे.' आता मराठी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारला नाही. तो विचारण्याजोगा आहे हे कळायला आम्हाला त्या खेड्यात जावे लागले.

रस्ता उसातून जातो. ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा आणि ऊसतोडीचा हंगाम. त्यामुळे निम्मी शेते तोडून मोकळी झालेली, निम्मी अजून डोक्याइतकी उंच. डोळ्यांत भरतात ते मात्र शेतांच्या मधोमध उभे असलेले काळ्या दगडांचे ढीग. काही घराएवढे, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, एखाद्या पडक्या देवळाच्या चौथऱ्यासारखे. हा सारा ज्वालामुखीचा बसाल्ट. लागवडीआधी जमिनीतून हे दगड हातांनी उपसून बाजूला रचावे लागले आणि ते काम मजुरांनी केले. कोकणात जांभ्याचे गडगे पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना ही रचना क्षणभर ओळखीची वाटते. मग ध्यानात येते, की गडगा आपल्या जमिनीची हद्द दाखवतो. या ढिगांनी कुणाचीच हद्द दाखवली नाही. ज्यांनी ते रचले त्यांची ती जमीन नव्हती.

इतिहास थोडक्यात सांगून टाकू. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली; त्याच्या आदल्या वर्षीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून निघालेले 'ॲटलास' नावाचे जहाज करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे याच मार्गाने उतरली. बहुसंख्य बिहारकडची, बरीचशी मद्रास इलाख्यातली, आणि त्या मानाने थोडी मुंबई बंदरातून चढलेली, मुख्यतः कोकण पट्टीतली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो आज 'आप्रवासी घाट' म्हणून जतन केलेला आहे आणि २००६ पासून जागतिक वारसा स्थळांत मोडतो. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात त्याला पंधरा मिनिटे दिलेली होती.

घर सिमेंटचे, सपाट छपराचे, पुढे तुळस आणि मागे आंब्याचे एक झाड. ताईच्या धाकट्या दिराचे घर शेजारीच. २००१ नंतर साखर उद्योगाने जी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, तिच्यात कामगारांना रोख रकमेबरोबर जमिनीचा लहानसा तुकडा मिळाला, त्यावर ते उभे आहे. (दगड उपसणाऱ्यांच्या वंशजांच्या नावावर जमीन झाली ती ऊस पिकवायचे काम सुटले तेव्हा.) दारात सगळे उभे होते. भावोजींनी पुस्तकी, सुरेख मराठीत स्वागत केले. त्यांच्या मागे खुर्चीवर त्यांच्या आई बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी, साडी गुडघ्याच्या जरा खाली, उजव्या हाताची दोन बोटे ऊसतोडीत आखूड झालेली. घरादाराच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या त्या आजी. आम्ही पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारले,

"खंयसून इलास?"

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले. मालवण, कुडाळ, सावंतवाडी इकडच्या कोणत्याही अंगणात ऐकू यावा तसा तो प्रश्न होता; सूरही तोच, शेवटाला किंचित उचललेला. आम्ही पुण्याहून आल्याचे सांगितले. आजींना पुणे ठाऊक होते, सुनेचे माहेर म्हणून. मग ताई कौतुकाने म्हणाली, "आजी, हे दोघं कॉलेजात मराठी शिकवतात."

आजी हसल्या. म्हणाल्या, "माका मराठी येणा नाय." आणि त्यानंतर दीड दिवस त्या आमच्याशी फक्त क्रिओलमध्ये बोलल्या.

'मला मराठी येत नाही' हे वाक्य त्या मराठीतच बोलल्या, हे त्यांच्या गावी नव्हते असे नाही. त्यांच्या लेखी 'मराठी' हे शाळेतल्या विषयाचे नाव आहे. ती भाषा ताईच्या मुलाला, म्हणजे त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाला येते, भावोजींना येते, दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांत येते. आजी जे बोलतात त्याला त्यांच्याकडे नावच नाही. 'आमचा बोलणा' इतकेच. नावाशिवायची भाषा परीक्षेला बसत नाही, आणि परीक्षेला न बसलेली भाषा परीक्षकांसमोर गप्प राहते.

तिकडे प्राथमिक शाळेपासून मुलांना पूर्वजांची भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेता येते: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मँडरिन वगैरे. २०१२ पासून त्या यादीत क्रिओलही आले. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८६ टक्के लोकांनी घरात बोलण्याची भाषा म्हणून क्रिओल नोंदवली होती. म्हणजे पूर्वजांची भाषा आणि आपण खरोखर बोलतो ती भाषा, या दोहोंत सहा वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी निवड करायची. ताईने मुलासाठी मराठी घेतली. मुलगा हुशार आहे. समास सोडवतो, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो. त्याच्या वहीतले मराठी पाहून आम्हाला आमच्या काही पदवीधर विद्यार्थ्यांची आठवण झाली आणि तुलना त्या विद्यार्थ्यांना मानवणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी परसात आजी माळ्याला काहीतरी आणायला सांगत होत्या. सबंध वाक्य क्रिओल. त्यात एक शब्द 'कोयतो'. नातू जवळच होता. तो आमच्याकडे पाहून म्हणाला, "कोयतो हा क्रिओल शब्द आहे. मराठीत कोयता." त्याचा तर्क अगदी सरळ होता. क्रिओलमध्ये पाण्याला 'दिलो' म्हणतात, म्हणून ओकारान्त ते क्रिओल. आजींनी मान डोलावली आणि पुढच्या वाक्यात त्या विळ्या-कोयत्यासाठी फ्रेंच वळणाचा दुसराच शब्द वापरून मोकळ्या झाल्या.

भाषाशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण सांगण्याचा मोह होतो, पण तिथे ते फार लवकर सुटेल. मालवणीत घोडा 'घोडो' होतो, कोयता 'कोयतो' होतो. पुल्लिंगी ओकार ही त्या बोलीची खूण. तीच खूण इथे परकेपणाचा पुरावा ठरली. प्रमाण भाषेने बोलीला अशुद्ध म्हणणे आपल्याला नवीन नाही. इथे त्यापुढचे झाले होते. बोलीची गणना मराठीत राहिलीच नव्हती. तीही कोणी मुद्दाम केलेली नव्हती. त्या मुलाला आजीवर प्रेम होते, शाळेला मराठीवर प्रेम होते, आणि शाळेत पोचलेली मराठी आम्ही शिकवतो तीच होती.

क्रिओलविषयी इथे थोडे बोलायलाच हवे, कारण तिच्याकडे 'मोडकी फ्रेंच' म्हणून पाहण्याची खोड आपल्याकडच्या पर्यटकांना लवकर लागते. तिच्यात फ्रेंच नामांना त्यांची उपपदे कायमची चिकटलेली आहेत: घर म्हणजे 'लाकाझ', समुद्र म्हणजे 'लामेर', तांदूळ 'दिरी', साखर 'दिसिक'. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांनी शब्द पुस्तकातून घेतले नाहीत, मुकादमाच्या तोंडून जसे कानावर पडले तसे उचलले, हे त्यावरून दिसते. कोथिंबिरीला 'कोतोमिली' आणि कढीपत्त्याला 'कारिपुले' म्हणतात. दोन्ही तमिळहून आलेले. ताईच्या स्वयंपाकघरात एका फोडणीत चार भाषा तडतडत असतात. जेवणाच्या पंक्तीत क्रिओलचा प्रवाह अखंड वाहत असे आणि त्यात काका, काकी, मामा, मावशी, आजी, सून हे शब्द मूळच्या जागी दगडासारखे स्थिर. नात्याचे शब्द कोणी भाषांतरित केलेले नव्हते. दिराची बायको ताईला वहिनी म्हणत होती आणि पुढचे सगळे वाक्य क्रिओल होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तालीम होती. गणपती महिन्यावर आले होते. गणेश चतुर्थीनिमित्त मॉरिशसमध्ये देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि मराठी वस्त्यांतून त्या दिवसांत 'झाकरी' होते. आपल्याकडे रत्नागिरीच्या परिसरात जिला जाखडी किंवा बाल्या नाच म्हणतात तीच ही. मधे गाणारे-वाजवणारे, भोवती फेर धरून नाचणारे, ढोलकी आणि झांजा. पडवीत बारा-चौदा जण जमले. त्यांत एक बसचालक, दोन हॉटेलातले कामगार, एक बँकेतला अधिकारी. तरुण मुलीही होत्या. गाणी मराठी. ती ज्या वहीत उतरवलेली होती तिची लिपी रोमन आणि वळण फ्रेंच. 'उ' साठी दोन अक्षरे, 'श' साठी भलतीच जोडी. मुख्य गाणाऱ्याला बहुतेक ओळींचा अर्थ सांगता येत नव्हता आणि तसे तो मोकळेपणाने म्हणाला. पण ताल चुकत नव्हता, आणि फेर उलटा फिरवण्याची जागा सगळ्यांच्या पायांना ठाऊक होती.

आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. एका ठिकाणी गाणारा अडखळला; वहीत पाहून त्याने एक शब्द म्हटला तो निरर्थक होता. आजींनी जागेवरूनच, कोणाकडे न बघता, मूळ शब्द म्हटला. त्याने ऐकला, पुन्हा म्हटला, फेर पुढे सरकला. अर्ध्या तासात असे तीन-चारदा झाले. एकदा तर त्यांनी आख्खी ओळ म्हणून दाखवली आणि नातवाने मान वर करून पाहिले, कारण त्या ओळीतला शब्द त्याला शाळेतून माहीत होता व आजीला तो माहीत असेल असे त्याला वाटले नव्हते. आम्ही विचारले, हे कुठे शिकलात? "आवशीकडसून," त्या म्हणाल्या. आईकडून. त्या रात्रीपासून त्या आमच्याशी पुन्हा त्यांच्या बोलण्यात बोलू लागल्या. तालमीत आम्हाला काहीच येत नव्हते, हे त्यांनी पाहिले होते. कदाचित त्याचा उपयोग झाला असावा.

आता त्या चौकटीविषयी, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

बैठकीच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी एक कागद काचेत लावलेला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची मूळ रजिस्टरे जपलेली आहेत. वंशजांनी जन्म-विवाहाचे दाखले लावून आपली साखळी सिद्ध केली की त्यातल्या नोंदीचा उतारा मिळतो. भावोजींनी चार वर्षे खटपट करून तो मिळवला. त्यांच्या खापरपणजोबांचा. १८५० च्या दशकात आलेले. जहाजाचे नाव, मजूर क्रमांक, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव. छायाचित्र नाही; ती पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली. आडनावही नाही. कारकुनाने पहिले नावच नोंदले, आणि तेच पुढे सगळ्या कुळाचे आडनाव झाले. आज ताईच्या मुलाच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी कोकणातल्या एका माणसाचे एकेरी नाव आहे, ज्या नावाने त्याला त्याच्या आईने हाक मारली असेल.

त्याच दशकात, १८५७ साली, कोकणातल्याच वरसईहून विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, परत आले, आणि त्यांनी लिहिलेले 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाले. ते पुस्तक आम्ही दरवर्षी शिकवतो. मराठी माणसाच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासाचे ते अस्सल चित्र आहे असे सांगतो, आणि ते आहेही. पण त्याच किनाऱ्यावरून त्याच वर्षांत समुद्रमार्गे गेलेल्या माणसांचा प्रवास नऊ-दहा रकान्यांत आटोपला, तोही दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. हिंदीत या अनुभवाला अभिमन्यु अनत यांच्या 'लाल पसीना' (१९७७) सारखी कादंबरी मिळाली, आणि लिहिणारा त्या बेटावरचाच होता. आमच्या अभ्यासक्रमात मुंबई बंदरातून गेलेल्यांसाठी रकाने आहेत तेवढेच.

भावोजींना गाव हवे होते. ते आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांकडून काढून घ्यायचे ठरवूनच त्यांनी आमची वाट पाहिली होती. पहिल्याच रात्री त्यांनी कागदाची प्रत पुढे ठेवली. जिल्हा रत्नागिरी. तो शब्द पाहून ते निश्चिंत होते. नकाशावर रत्नागिरीभोवती त्यांनी वर्तुळही काढले होते. आम्ही सांगितले, की तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग येत असे. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे वर्तुळ पार गोव्याच्या सीमेपर्यंत वाढवायला हवे. गावाचे नाव तर आणखी निसटते. कारकुनाच्या रोमन अक्षरांत द, ड आणि ण यांच्या सीमा पुसल्या जातात. तो शब्द नांदगाव असू शकतो, नाणगाव असू शकतो, अजून काहीही. नांदगाव धरले तरी एक कणकवलीजवळ, एक मुरूडकडे. भावोजी पेन घेऊन लिहून घेत होते. त्यांचा चेहरा पडला नाही. उलट एका गावाऐवजी दोन मिळाल्यासारखा झाला.

मग त्यांनी विचारले, "मराठा आणि मराठी यांत फरक काय?" जातीच्या रकान्यात 'मराठा' असे होते.

हा प्रश्न त्या ओसरीवर जितका निरागस होता तितका आपल्याकडे कुठेही नसतो. मॉरिशसमध्ये 'मराठी' हे एका समाजाचे नाव आहे. ताई नवी असताना शेजारणीने तिला विचारले होते, "तुम्ही हिंदू की मराठी?" आणि तिला हसावे की रागवावे कळले नव्हते. तिथल्या रोजच्या बोलण्यात हिंदू म्हणजे बिहारकडून आलेले. तमिळ, तेलुगू, मराठी हे वेगळे. या मराठी समाजात कोण कुणाच्या पंक्तीला बसत असे, हे जहाजाच्या तळाशी आणि मळ्याच्या वस्तीत एका पिढीत विस्कटले. पुढे लग्ने जमवताना मराठी असणे पुरेसे ठरले. रजिस्टरातला 'मराठा' हा जातीचा की मुलखाचा, हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. पण आम्ही खरोखर गाव शोधायला गेलो, एखाद्या देवळाच्या सभामंडपात बसून चौकशी केली, तर पहिला प्रश्न काय येईल हे आम्हा दोघांनाही माहीत होते. आडनाव काय? घराणे कोणते? कुलदैवत, देवक? जे समुद्रात गळून पडले नेमके त्याचीच विचारपूस होईल. आणि जे टिकले, म्हणजे फेर उलटा फिरवायची जागा, 'खंयसून इलास' मधला सूर, ते ऐकून तिथले कोणीही मान डोलावील. पण तेवढ्यावर आपल्यातला म्हणून दारात उभे करील की नाही, याची खात्री आम्हाला भावोजींना देता येईना. हे सगळे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जात सापडली तर ती तिथेच ठेवा. गाव तेवढं आणा." असे वेगळे करून आणता येते का, हे आम्ही त्यांना विचारले नाही.

ही सगळी बोलणी आजी ऐकत. शेवटच्या रात्री भावोजी पुन्हा तो कागद घेऊन बसले होते. आजींनी विचारले, हा गाव कुणाचा? भावोजींनी क्रिओलमध्ये सांगितले, आपला, आपल्या सगळ्यांचा. आजींनी मान हलवली. "तो ह्यांच्या आज्याचो," त्या म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे वळून, "माझ्या आवशीचो गाव खंय?"

कोणाकडेच उत्तर नव्हते. प्रश्न साधा होता आणि गेली चार वर्षे तो कोणाच्या मनात आला नव्हता. दाखल्यांची साखळी वडिलांकडून वडिलांकडे चढत गेली होती, कारण आडनाव त्याच बाजूने चढते. पण आम्ही आल्या दिवसापासून ज्याला ओळखीचे म्हणत होतो त्यातले काहीही त्या साखळीतून आलेले नव्हते. 'खंय' आणि 'कोयतो', झाकरीतले अडलेले शब्द, हे आजींना त्यांच्या आईने दिले. आणि त्यांच्या आईला बहुधा तिच्या आईने. त्या काळी जहाजांवर पुरुषांच्या मानाने बायका इतक्या थोड्या असत, की पुढे ठरावीक प्रमाणात त्या असल्याच पाहिजेत असा नियम सरकारला करावा लागला. त्या थोड्यांपैकी कोणी एक दक्षिण कोकणातली असली पाहिजे. तीही रजिस्टरात असणार. तिलाही क्रमांक, उंची, अंगावरची खूण आणि गाव असणार. काचेतल्या कागदावरच्या माणसाचे गाव त्याच बाजूचे असेलही किंवा नसेलही. दोघांच्या गावांचा एकमेकांशी संबंध असायचे कारण नाही.

ताई उठली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात आजींचे लग्नाचे कागद होते, आणि त्यांचा जन्माचा दाखला, घडीवर फाटलेला. त्यावर आईचे नाव होते. रोमन अक्षरांत, फ्रेंच धाटणीने, असे लिहिलेले की मोठ्याने वाचल्यावर आजी म्हणाल्या, ही कोण? मग त्यांनी स्वतः नाव सांगितले. (ते इथे लिहीत नाही, ते त्यांचे आहे.) आजीच्या आईचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हते, तेही आजींना तोंडपाठ होते, आणि तिच्या वस्तीचे, मळ्याचे नावही.

नातू वही घेऊन बसला. तो देवनागरीत लिहीत होता. पहिल्या नावाशी थांबून त्याने आम्हाला विचारले, "पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?"

आम्ही आजींकडे बोट दाखवले. त्याने त्यांना विचारले. त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी नाव पुन्हा म्हटले, या वेळी जरा मोठ्याने, अंगणापलीकडच्या कुणाला हाक मारावी तसे. त्याने ऐकले, खोडले, पुन्हा लिहिले. अर्ज रोमन लिपीत करावा लागणार होता, म्हणून ताईने खाली त्याच नावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगे लिहून ठेवली आणि मळ्याच्या नावाखाली रेघ मारली.